एका छताखाली दोन उपासना : श्वाबियातील चार नगरांचा प्रवास

तीस वर्षांच्या युद्धाचा शेवट करणारा जो तह १६४८ मध्ये ओस्नाब्र्युक येथे झाला, त्यात दक्षिण जर्मनीतील ऑग्सबुर्ग, डिंकल्सब्यूल, बिबेराख आणि रावेन्सबुर्ग या चार नगरांची नावे मुद्दाम वेगळी घेतलेली आहेत. या चारही गावांत कॅथलिक आणि ल्यूथरपंथी एकमेकांच्या शेजारी राहत होते. गावात कोणाची डोकी किती आहेत हे न पाहता नगरसभेतील जागा, महापौरपदे आणि इतर लहानमोठ्या नेमणुका दोघांना समसमान मिळाव्यात, असे तहाने ठरवून दिले. युरोपातील धर्मसंघर्षाच्या इतिहासात वेढे, कत्तली आणि जाळपोळ यांची वर्णने भरपूर वाचायला मिळतात. पण लढाई थांबल्यावर त्याच गल्लीत, त्याच विहिरीवर, त्याच शेजाऱ्याबरोबर पुढची दीडशे वर्षे कशी काढली, हा भाग मला त्याहून मोलाचा वाटत आला आहे. तो प्रत्यक्ष पाहावा म्हणून ही चार नगरे आणि युद्धाची ठिणगी जिथे पडली ते डोनाउवर्थ असा मार्ग आखला. स्टुटगार्टला नोकरी करणारी माझी भाची रजा काढून सोबत आली.

७ ऑगस्ट, ऑग्सबुर्ग

सकाळी सामान ठेवून आम्ही थेट सांक्त आना चर्च गाठले. भोवती दुकानांची गर्दी आहे आणि बाहेरून ही वास्तू अगदी साधी दिसते, त्यामुळे नवखा माणूस सहज पुढे निघून जाईल. धर्मसुधारणेचा जवळजवळ सगळा गुंता मात्र या एका इमारतीत सापडतो. १५१८ च्या ऑक्टोबरात पोपविरुद्धच्या या चळवळीचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर येथे उतरला होता, कारण तेव्हा हा कार्मेलाइट साधूंचा मठ होता आणि मठाधिपती योहानेस फ्रोश त्याच्या ओळखीचा होता. पोपचा दूत कार्डिनल कायेतान याने त्याला जबाबासाठी बोलावले होते. १२ ते १४ ऑक्टोबर या दिवसांत कायेतान त्याला आपली मते मागे घेण्यास सांगत राहिला, ल्यूथर पवित्र ग्रंथाचा आधार मागत राहिला, आणि अटक होणार अशी कुणकुण लागताच २० ऑक्टोबरच्या रात्री तो शहरातून निसटला.

ही भेट झाली ती फुगर या सावकार घराण्याच्या वाड्यात. पापमुक्तिपत्रांच्या ज्या विक्रीवरून ल्यूथरने १५१७ मध्ये वादाला तोंड फोडले, त्या विक्रीचा अर्धा पैसा याच फुगरांच्या तिजोरीत जात होता, कारण माइन्त्सचे आर्चबिशपपद मिळवण्यासाठी आल्ब्रेश्टने रोमला जी रक्कम भरली ती त्यांच्याकडून कर्जाऊ घेतलेली होती. पुढे १५१९ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटपदी पाचव्या चार्ल्सची निवड व्हावी म्हणून जे सुमारे साडेआठ लाख गुल्डन लागले, त्यांपैकी पाच लाखांहून अधिक रक्कम याकोप फुगरने उभी केली. आपल्याकडच्या मिरीच्या व्यापारातही या शहराचा हात होता. ऑग्सबुर्गमध्ये जन्मलेला फर्डिनांड क्रोन फुगर आणि वेल्झर या दोन घराण्यांचा प्रतिनिधी म्हणून १५८७ मध्ये गोव्याला गेला आणि तेथे दीर्घकाळ राहिला.

चर्चच्या पश्चिम टोकाला याच फुगरांचे चॅपल आहे. पांढऱ्या आणि रंगीत संगमरवराची फरशी, वर ऑर्गन, आणि वेदीवर संगमरवरी मूर्तींचा एक समूह : येशूचे निर्जीव शरीर एका देवदूताने मागून सावरून धरले आहे आणि दोन्ही बाजूंना मरिया आणि योहान आहेत. लटकलेल्या हाताच्या शिरा आणि मरियेच्या पदराच्या चुण्या शिल्पकाराने इतक्या हळुवारपणे कोरल्या आहेत की आम्ही बराच वेळ तेथून हललो नाही. हे काम हान्स डाउखर या शिल्पकाराचे मानले जाते. याकोप फुगर ३० डिसेंबर १५२५ रोजी वारला आणि येथे पुरला गेला. त्याच नाताळात या चर्चमध्ये पहिल्यांदा सामान्य भाविकांना भाकरीबरोबर द्राक्षरसाचा प्यालाही देण्यात आला, म्हणजे ल्यूथरच्या बाजूचा कौल उघडपणे लागला. पोपचा सर्वांत मोठा सावकार असा ल्यूथरपंथीयांच्या चर्चमध्ये कायमचा राहिला. चॅपलची देखभाल आजही फुगर घराण्याच्या धर्मादाय संस्था करतात.

डाउखरच्या घराची कथा येथेच सांगितली पाहिजे, कारण दोन पंथांच्या भांडणात तिसरा कसा चिरडला जातो हे तिच्यातून कळते. बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यावा असे मानणाऱ्या अॅनाबॅप्टिस्ट मंडळींची एक सभा १२ एप्रिल १५२८ रोजी, ईस्टरच्या पहाटे, डाउखरच्या घरी भरली होती. नगराच्या शिपायांनी छापा घालून ऐंशीहून अधिक लोकांना पकडले. काहींच्या गालांवर तापलेल्या लोखंडाचे डाग दिले गेले आणि त्यांचा पुढारी हान्स लॉयपोल्ड याचा शिरच्छेद झाला. शिल्पकार कामासाठी बाहेरगावी होता आणि त्याची पत्नी सुझाना गरोदर होती. गरोदर असल्यामुळे तिला डाग दिले नाहीत, पण शहराबाहेर हाकलून दिले. पुढच्याच वर्षी स्पायर येथील साम्राज्यसभेत, म्हणजे साम्राज्यातील राजे आणि नगरे यांच्या सभेत, अॅनाबॅप्टिस्टांना देहदंड देण्याचा कायदा झाला, आणि एरवी कशावरही न जुळणारे कॅथलिक आणि ल्यूथरपंथी सत्ताधीश या एका बाबतीत एकमेकांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे ज्या समान वाट्याचे मी कौतुक करणार आहे, तो वाटा दोघांचाच होता, हे विसरून चालणार नाही.

दुपारी फुगरेईत गेलो. याकोप फुगरने १५२१ मध्ये गरीब, कष्टाळू कॅथलिक कुटुंबांसाठी वसवलेली ही वस्ती अजून चालू आहे. पिवळसर भिंतींची, हिरव्या झडपांची दुमजली घरे, वर्षाचे भाडे एक ऱ्हेनिश गुल्डन म्हणजे आजचे ८८ सेंट, आणि दात्याच्या कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना म्हणण्याची अट. रहिवासी कॅथलिक असावा हा नियम पाच शतके टिकला आहे. ज्या शहराची बहुसंख्या त्याच दशकात ल्यूथरकडे झुकत गेली, त्या शहरात ही अट किती ठाम भूमिका होती, हे सांक्त आना पाहून आल्यावर चांगलेच समजते.

८ ऑगस्ट, ऑग्सबुर्ग

आज सगळी दुकाने बंद होती. ८ ऑगस्टची ‘शांतता सणा’ची सार्वजनिक सुट्टी संपूर्ण जर्मनीत केवळ या एका शहराला आहे. तिच्या मागचा प्रसंग मात्र दुःखाचा आहे. १६२९ मध्ये सम्राट दुसऱ्या फर्डिनांडने फर्मान काढून प्रॉटेस्टंटांनी, म्हणजे ल्यूथर आणि इतर सुधारकांच्या मागे गेलेल्यांनी, घेतलेली चर्चची मालमत्ता परत मागितली, आणि त्याच वर्षी ८ ऑगस्टला ऑग्सबुर्गमधील सर्व प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांना कामावरून काढून टाकण्यात आले. जो एलियास होल या शहराचा मुख्य बांधकाम-अधिकारी होता, ज्याने १६१५ ते १६२० या काळात आजही चौकावर उभे असलेले भव्य नगरगृह बांधले, त्याने पंथ बदलण्यास नकार दिला म्हणून १६३१ मध्ये त्याचीही नोकरी गेली. आपण उभारलेल्या इमारतीत आपल्याला स्थान नाही, हे त्या वयात त्याने कसे सोसले असेल?

१६३२ मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ शहरात आला तेव्हा पारडे फिरले आणि कॅथलिकांची पाळी आली. पुढे सम्राटाच्या सैन्याने शहराला इतका कडक वेढा घातला की लोकांनी मिळेल ते खाऊन दिवस काढले. युद्धापूर्वी सुमारे ४५,००० वस्तीच्या या शहरात १६३५ मध्ये १६,००० च्या आसपास माणसे उरली होती. शरणागतीच्या करारात प्रॉटेस्टंटांना एकही चर्च मिळाले नाही. सांक्त आनाजवळच्या विद्यालयाच्या अंगणात, उघड्यावर उपासना करण्याची तेवढी परवानगी होती. १६४८ पर्यंत, पाऊस असो की हिमवर्षाव, शहरातील बहुसंख्य लोक त्या अंगणात उभे राहून प्रवचन ऐकत होते. काल ते अंगण पाहताना मी त्याच्या कडेकडेने एक चक्कर मारली. हजारो माणसांनी इथे उभे राहायचे म्हणजे खांद्याला खांदा भिडल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

तह झाल्यावर १६५० मध्ये प्रॉटेस्टंटांनी आपल्या अपमानाच्याच तारखेला आभाराचा सण म्हणून निवडले. मुलांना दरवर्षी एक छापील चित्र भेट मिळे, आणि ही प्रथा अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. सुरुवातीला हा एका बाजूचाच सण होता. आज नगरगृहासमोरच्या चौकात लांबच लांब टेबले मांडलेली असतात, लोक घरून खाणे आणतात आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला त्यातले देतात. आम्ही नेलेल्या मेथीच्या ठेपल्यांना चांगली मागणी आली. आमच्या समोर बसलेल्या वृद्ध बाई भाचीशी जर्मनमध्ये बोलत होत्या. त्यांच्या लहानपणी कॅथलिक मुलांची शाळा वेगळी आणि प्रॉटेस्टंट मुलांची वेगळी असे, आणि त्यांच्या थोरल्या बहिणीने दुसऱ्या पंथातल्या मुलाशी लग्न ठरवले तेव्हा घरात कितीतरी दिवस कोणी कोणाशी बोलत नव्हते. बव्हेरियातील पंथवार सरकारी शाळा १९६८ मध्ये रद्द झाल्या, तेव्हा त्यांची आठवण खरी आहे. भाची मला हळूच म्हणाली, “मामा, मला वाटलं होतं हे सगळं चारशे वर्षांपूर्वीच मिटलं असेल.”

संध्याकाळी माक्सिमिलियान रस्त्याच्या दक्षिण टोकाला जाऊन जोडचर्चे पाहिली. मागे सांक्त उलरिश आणि आफ्रा यांचे प्रचंड कॅथलिक बासिलिका, त्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट उंच गेलेला. आणि त्याला अगदी खेटून पुढे उभे असलेले छोटे, टुमदार प्रॉटेस्टंट सांक्त उलरिश. मूळचा मठाचा प्रवचनकक्ष प्रॉटेस्टंटांनी घेतला आणि त्यांचे चर्च झाला. होली क्रॉसच्या नावानेही अशीच दोन चर्चे शहराच्या दुसऱ्या भागात शेजारी शेजारी आहेत.

या शहराचा आणखी एक तंटा मराठी वाचकाला चटकन समजेल. पोप तेराव्या ग्रेगरीने दुरुस्त केलेली दिनदर्शिका १५८३ मध्ये कॅथलिक बहुमताच्या नगरसभेने लागू केली. तिच्यात दहा दिवस गाळलेले होते. गणित बरोबर असले तरी पोपच्या हुकमाने सणवार पाळणार नाही, अशी प्रॉटेस्टंटांची भूमिका होती. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत एखाद्या वर्षी गणपती वेगळ्या तारखेला बसतात आणि कोणाचे काही बिघडत नाही. येथे मात्र उपवासाचे दिवस कोणते आणि मांस कधी विकायचे यावरून खाटिकांपासून सगळा बाजार पेटला. प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांचे प्रमुख गेओर्ग म्यूलियुस यांना जून १५८४ मध्ये पकडून शहराबाहेर नेत असता जमावाने त्यांना सोडवले आणि नगरगृहासमोर सशस्त्र गर्दी जमली. जर्मनीतील प्रॉटेस्टंट प्रदेशांनी दुरुस्त दिनदर्शिका स्वीकारली ती १७०० मध्ये, जेव्हा १८ फेब्रुवारीनंतरचा दिवस १ मार्च धरण्यात आला.

९ ऑगस्ट, डोनाउवर्थ

ऑग्सबुर्गहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासात डोनाउवर्थ येते. डॅन्यूबच्या काठचे हे छोटे गाव एकेकाळी सम्राटाशिवाय कोणालाही न जुमानणारे मुक्त नगर होते. १५५५ च्या ऑग्सबुर्ग तहाने राजाचा पंथ तोच प्रजेचा असे धोरण मान्य केले आणि ज्याला ते पटत नाही त्याला मालमत्ता विकून दुसरीकडे जाण्याची मुभा दिली. मात्र ज्या मुक्त नगरांत दोन्ही पंथ नांदत होते तेथे दोघांनीही राहावे, असे कलम घातले. डोनाउवर्थमध्ये जवळजवळ सगळे गाव ल्यूथरपंथी झाले होते आणि कॅथलिक म्हणून मोजकी कुटुंबे आणि होली क्रॉसचा बेनेडिक्टाइन मठ उरला होता. साधूंनी मिरवणूक काढावी, पण गावातून जाताना ध्वज गुंडाळून न्यावेत, अशी रीत पडली होती.

२५ एप्रिल १६०६ रोजी संत मार्कच्या दिवशी साधू ध्वज फडकवत, गात, भर गावातून आउखसेसहाइमकडे निघाले. परतताना जमावाने त्यांना मारहाण केली, ध्वज फाडले आणि क्रूस मोडले. सम्राटाच्या दरबारी कागद फिरले, आणि १६०७ च्या ऑगस्टमध्ये सम्राट दुसऱ्या रुडोल्फने नगराला साम्राज्यातून बहिष्कृत केले. शिक्षेची अंमलबजावणी श्वाबिया मंडळाच्या प्रमुखाने, म्हणजे ल्यूथरपंथी व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने, करायला हवी होती. ती सोपवली गेली बव्हेरियाच्या कॅथलिक माक्सिमिलियानकडे. त्याने डिसेंबरात सैन्य घुसवले, खर्चाची भरपाई म्हणून गाव ताब्यात ठेवले आणि तेथे कॅथलिक उपासना पुन्हा सुरू केली. प्रॉटेस्टंट राजांनी १६०८ च्या मे महिन्यात आउहाउझेन येथे आपला संघ स्थापला, त्याला उत्तर म्हणून १६०९ च्या जुलैत म्युनिकमध्ये कॅथलिक संघ उभा राहिला, आणि दोन्ही छावण्या शस्त्रे घेऊन १६१८ ची वाट पाहू लागल्या.

होली क्रॉसच्या अठराव्या शतकातील बरोक चर्चमधून आम्ही त्या मिरवणुकीच्या वाटेने राइशस्त्रासेवर उतरलो. रंगीत दर्शनी भागांच्या जुन्या घरांचा हा उताराचा रस्ता दुसऱ्या महायुद्धानंतर नीट दुरुस्त करून पुन्हा उभा केला आहे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात निकालापेक्षा निकाल देण्याची पद्धत अधिक घातक ठरली. साधूंचा हक्क कायद्याने खरा होता आणि जमावाची दंगल खरोखर गुन्हा होती. पण ज्या न्यायालयात सगळे एकाच बाजूचे आणि शिक्षा बजावणाराही त्याच बाजूचा, तेथील बरोबर निर्णयही दुसऱ्याला अन्यायच वाटणार.

नंतर नोर्डलिंगेनला गाडी बदलायच्या आत गावाच्या गोल तटावरून थोडे फिरलो. १६३४ च्या सप्टेंबरात येथे स्वीडिश सैन्याचा पुरता मोड झाला, आणि आजूबाजूच्या नगरांतले प्रॉटेस्टंट पुन्हा पराभूतांच्या बाजूला गेले. पुढे बसने डिंकल्सब्यूल.

१० ऑगस्ट, डिंकल्सब्यूल

हे गाव पर्यटकांना फार आवडते आणि त्याचे कारण स्पष्ट आहे : तट, वेशी, लाकडी सांगाड्याची घरे, सगळे जागच्या जागी. आम्हाला पाहायचे होते ते मध्यभागीचे सांक्त गेओर्ग. निकोलाउस एझेलर या बापलेकांनी १४४८ ते १४९९ या काळात बांधलेले हे उंच, तिन्ही दालने सारख्याच उंचीची असलेले चर्च कॅथलिकांकडे आहे. सोळाव्या शतकात गावाची बहुसंख्या ल्यूथरपंथी झाली होती. पण पाचव्या चार्ल्सने १५५० च्या आसपास नगरसभेची रचना बदलून सत्ता मोजक्या कॅथलिक घराण्यांच्या हाती दिली, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे थोड्यांनी पुष्कळांवर राज्य केले. बहुसंख्यांना इस्पितळाचे चर्च आणि पुढे कार्मेलाइट मठाची जागा मिळाली. तेथे आज १८४० नंतर नव्याने बांधलेले सांक्त पाउल उभे आहे.

१६४८ चा समान वाटा येथे दोघांनाही सोयीचा नव्हता. बहुसंख्यांना तो अपुरा वाटला, अल्पसंख्यांना तो बळकावल्यासारखा वाटला, आणि नेमणुकांवरून अठराव्या शतकापर्यंत खटले चालत राहिले. मी मात्र या खटल्यांकडे चांगली खूण म्हणून पाहतो. वकिलाकडे जाणारा माणूस तलवार घरी ठेवून जातो. जुलैत येथे मुलांचा जो मोठा उत्सव होतो, त्यात १६३२ साली स्वीडिश सरदाराने गाव लुटू नये म्हणून मुलांनी त्याला विनवले, ही दंतकथा सादर करतात. आम्ही तीन आठवडे उशिरा पोहोचलो होतो. दुपारी बस आणि गाड्या बदलत उल्ममार्गे बिबेराखला निघालो.

११ ऑगस्ट, बिबेराख

रविवार मुद्दाम या गावासाठी राखला होता. बाजारचौकाला लागून असलेले सांक्त मार्टिन हे चर्च १५४८ पासून दोन्ही पंथ मिळून वापरतात. बिबेराख १५३१ मध्ये धर्मसुधारणेच्या बाजूला गेले आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लोकांनी या चर्चमधील मूर्ती, चित्रे आणि वेद्या फोडून बाहेर काढल्या. फ्लुमर्न या कॅथलिक घराण्यातील एका गृहस्थाने त्यानंतर आठवणीने सगळे लिहून ठेवले : कोणती वेदी कोठे होती, कोणत्या सणाला कोणते वस्त्र घालत, कोठे दिवा लागे. जे गेले ते परत येणार नाही हे माहीत असलेल्या माणसाने केलेली ती नोंद आज युरोपातील एखाद्या नगरचर्चच्या सुधारणापूर्व रूपाचे दुर्मीळ वर्णन मानली जाते. पुढे सम्राटाने १५४८ मध्ये मिस्सा ही कॅथलिक उपासना पुन्हा सुरू करायला लावली. कॅथलिक मूठभर होते, पण चर्च एकच होते, आणि तेव्हापासून वेळेची वाटणी सुरू झाली.

सकाळी आम्ही चर्चच्या मागच्या बाकावर बसलो. एका मंडळीची उपासना आटोपली, माणसे हस्तांदोलन करत बाहेर पडली, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या मंडळीची माणसे येऊ लागली. बाहेर पडणारी एक बाई आत येणाऱ्या जोडप्याशी उंबऱ्यावर बराच वेळ बोलत उभी होती. गायनाचे पुस्तक बदलले, वेदीजवळची तयारी बदलली, बाके तीच राहिली. मध्यगृह दोघांचे आहे आणि त्यापलीकडचा वेदीचा भाग कॅथलिकांचा. मान वर केली की ही वाटणी छतावरही दिसते. १७४० च्या दशकात चर्चला बरोक रूप देताना चित्रकार योहानेस त्सिकने मध्यगृहावर येशूच्या जीवनातील प्रसंग रंगवले, ज्यांवर दोन्ही पंथांचे दुमत नाही, आणि वेदीच्या भागात कॅथलिक चर्चचा गौरव. मधल्या कमानीपाशी उभे राहिले की एका पावलावर विषय बदललेला दिसतो. दोन भांडणाऱ्या पक्षांनी एकाच चित्रकाराला बोलावून, एकाच परांचीवरून, दोघांना चालेल अशी चित्रे काढून घेतली, यासाठी किती बैठका झाल्या असतील याचा विचार करत मी बराच वेळ वर पाहत होतो.

१६४८ नंतर या गावात महापौर दोन, एक कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट, आणि जवळपास प्रत्येक पदाला जोडीदार. प्रसिद्ध साहित्यिक क्रिस्टोफ मार्टिन वीलांड हा येथील ल्यूथरपंथी धर्मोपदेशक घराण्यातला. १७६० मध्ये त्याची नगरकचेरीत नेमणूक झाली तेव्हा तिच्यावरून दोन्ही बाजूंत वाद पेटला आणि तो काही वर्षे चालला. त्याच काळात एका कॅथलिक तरुणीवर त्याचे प्रेम जडले, त्यांना मूलही झाले, पण दोन्हीकडच्या विरोधामुळे लग्न होऊ शकले नाही. समान वाट्याची ही दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. नोकऱ्या वाटल्या, घड्याळ वाटले, चर्च वाटले, आणि त्याबरोबर माणसेही वाटली गेली. या नगरांत मुलाच्या नावावरून त्याचा पंथ ओळखू येई. जुन्या गोव्यातील बॉम जिझसमध्ये ज्यांचे शव आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांचे नाव, ‘फ्रान्स झावर’ या रूपात, कॅथलिक घरात ठेवले जाई. प्रॉटेस्टंट आईबाप ते कधीच ठेवणार नाहीत.

तरीही मी हे चर्च पाहून फार समाधानी झालो, आणि त्याचे कारण भाचीला दुपारच्या जेवणात समजावून सांगत होतो. तहातील सर्वांत शहाणे कलम असे होते की साम्राज्यसभेत धर्माचा प्रश्न आला तर मतांची मोजणी करायची नाही; कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट सभासदांनी दोन वेगळ्या सभांत बसायचे आणि समजुतीने मार्ग काढायचा. पन्नास विरुद्ध एकोणपन्नास अशा मतांनी कोणाची श्रद्धा ठरवता येत नाही, हे मान्य करायला एका पिढीचे रक्त सांडावे लागले. बिबेराखमध्ये ही गोष्ट राजांच्या सभेत न राहता रविवार सकाळच्या वेळापत्रकात उतरली आणि म्हणून ती टिकली. भाचीचा आक्षेप होता की यात प्रेम कुठे आहे, ही तर निव्वळ हिशेबवही झाली. मी म्हटले, एकमेकांवर प्रेम करा असा हुकूम कोणी देऊ शकत नाही. नऊ वाजता तुम्ही आणि मग आम्ही, एवढे ठरवता येते आणि पाळता येते.

१२ ऑगस्ट, रावेन्सबुर्ग

बिबेराखहून गाडी दक्षिणेला बोडेनसे सरोवराच्या दिशेने जाते आणि पाऊण तासाच्या आत रावेन्सबुर्ग येते. मनोऱ्यांचे हे गाव एकेकाळी तागाच्या कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झाले होते. येथे कार्मेलाइट मठाच्या चर्चमध्ये दुसरी रीत निघाली. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून लांबलचक मध्यगृह प्रॉटेस्टंटांनी वापरले आणि पलीकडचा वेदीचा भाग साधूंकडे राहिला, व मध्ये भिंत. दोन्हीकडचे गाणे एकमेकांना ऐकू जात असणार, पण चेहरे दिसत नव्हते. नगराच्या दुसऱ्या बाजूला लीबफ्राउएनकिर्शे हे कॅथलिकांचे प्रमुख चर्च वेगळे होतेच. १८०३ च्या सुमारास मठ बंद झाला, आणि नंतर संपूर्ण वास्तू प्रॉटेस्टंट मंडळीची झाली. आज आत शिरल्यावर नजर थेट पलीकडच्या खिडक्यांपर्यंत जाते, आणि भिंत कुठे असेल याचा अंदाज खांबांवरून करावा लागतो. त्या काळात मुक्त नगरेही संपली : बिबेराख आणि रावेन्सबुर्ग अखेरीस व्युर्टेम्बर्गकडे गेली, ऑग्सबुर्ग आणि डिंकल्सब्यूल बव्हेरियाकडे, आणि समान वाट्याचा कायदा त्यांच्याबरोबर गेला.

मला विचाराल तर बिबेराखची रीत अधिक अवघड आणि अधिक चांगली. भिंत एकदा बांधली की शेजाऱ्याशी रोज बोलावे लागत नाही. वेळापत्रक मात्र दर सणाला, दर अंत्यविधीला पुन्हा बोलून ठरवावे लागते.

संध्याकाळी मारियेनप्लात्झवर कॉफी घेताना भाचीने विचारले, “पण मामा, पोपने हे सगळं मान्य केलं होतं का?” केले नव्हते. पोप दहाव्या इनोसंटने या तहाच्या धर्मविषयक कलमांचा निषेध करून ती निरर्थक आणि कायम रद्द असल्याचे जाहीर केले. तह करणाऱ्यांनी ते आधीच ओळखले होते आणि कोणाचाही, अगदी धर्मगुरूंचाही, विरोध या तहाला लागू होणार नाही असे कलम तहातच घातले होते. त्यावर कॅथलिक सम्राटाच्या वतीने सही झाली. रावेन्सबुर्ग आणि बिबेराखच्या कॅथलिक नगरसेवकांनीही पोपवरची निष्ठा न सोडता त्या कलमांप्रमाणे प्रॉटेस्टंट सहकाऱ्यांच्या शेजारी बसून दीडशे वर्षे कारभार केला.